पासंग

वाण्याच्या दुकानांतील जुना तराजू आतां दिसेनासा होत चालला आहे. त्याची जागा विजेच्या काट्यानें घेतली असून आंकडे आपोआप उमटतात. त्या तराजूबरोबर एक लहानशी क्रियाहि लोपली. माल घालण्यापूर्वीं दुकानदार रिकामा तराजू हातांत उचलून धरी, दांडी कोणीकडे झुकते तें पाही, आणि जें पारडें हलकें असेल त्यांत एकादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा टाकून दांडी समतोल करी. या भरीला पासंग म्हणत. 'अमका तमक्याच्या पासंगालाहि पुरणार नाहीं' असें आपण आजहि सहज बोलतों. पण तो खडा कशासाठीं होता, हें घरांतील तरुण मंडळींस विचारल्यास उत्तर मिळण्याचा संभव थोडाच. अगदीं निर्दोष असा तराजू सहसा मिळत नसे. एका बाजूची सांखळी कडीभर लांब असे, किंवा एका पारड्याचा पत्रा किंचित् जाड असे. अशा तराजूनेंहि चोख वजन करतां येई. मात्र त्याची खोट किती, हें माल घालण्याच्या आधीं पाहून घ्यावें लागे.

हा जुना शब्द आम्हांस अलीकडे भलत्याच ठिकाणीं पुनः भेटला. ज्या पडद्यांकडे पाहण्यांत आपल्या घरांतील लहानथोरांचा बराचसा दिवस जातो, त्या मोबाईलच्या व टेलिव्हिजनच्या पडद्यांपैकीं नव्या जातीचे पडदे कसे चालतात, हें समजून घेण्याचा नाद आम्हांस लागला. विषय विद्युच्छास्त्राचा, आणि आम्ही कांहीं त्यांतील पंडित नव्हों. परंतु वाचतां वाचतां असें दिसून आलें कीं, त्या शास्त्रांतील कुशल लोकांची पाव शतकाहून अधिक काळाची एक मोठी खटपट 'प्रत्येक तराजूचा पासंग काढणें' एवढ्या शब्दांत सांगतां येईल. आणि ती खटपट जेथें अडते, तेथें पासंगाच्या कल्पनेचीहि मर्यादा उघड होते.

या पडद्यांना ओएलईडी म्हणतात. म्हणजे सेंद्रिय पदार्थांचे प्रकाश देणारे डायोड. सेंद्रिय म्हटल्याबरोबर खतांची व भाजीपाल्याची आठवण होते. पण येथें तो शब्द रसायनशास्त्रांतील अर्थानें, कार्बनच्या संयुगांस उद्देशून आहे. अशा कांहीं संयुगांतून वीज गेली असतां तीं स्वतः प्रकाशतात. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथें कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंत चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनीं १९८७ मध्यें असा एक दिवा जगापुढें ठेवला. दोन पदार्थांचे दोन थर एकावर एक, दोहोंची मिळून जाडी १५० नॅनोमीटरांहूनहि कमी, आणि तो चांगला प्रकाशित होण्यास १० व्होल्टांहून कमी दाब पुरेसा. असे कांहींशें दिवे एकमेकांवर रचले तरी ते एका केंसाच्या जाडींत मावतील.

यापूर्वींच्या पडद्यांत, म्हणजे द्रवस्फटिकांच्या पडद्यांत, मागें एक सामायिक उजेड असतो आणि पुढें असंख्य बारीक झडपा असतात. झडप उघडली कीं ठिपका उजळतो, मिटली कीं अंधारतो. ओएलईडींत मागचा उजेड नाहीं. प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा. म्हणून या पडद्यावरील काळोख खरा काळोख असतो; जो दिवा लावला नाहीं तो प्रकाश देणार कोठून? पण या गुणाची किंमतहि मोजावी लागते. आज मोठ्या टेलिव्हिजनच्या पडद्यावर ३८४० स्तंभ व २१६० ओळी, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. कित्येक संचांत प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा व पांढरा असे चार दिवे. एकूण दिवे ३,३१,७७,६००. या सव्वातीन कोटींहून अधिक दिव्यांना एकच हुकूम दिला, तर सर्वांनीं एकसारखाच उजेड द्यावयाचा!

येथेंच अडचण सुरू होते. दिव्याचा उजेड त्यांतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहावर ठरतो; पण पडद्याच्या कडेहून येणारा हुकूम दाबाच्या, म्हणजे व्होल्टांच्या, रूपानें येतो. दाबाचें प्रवाहांत रूपांतर करण्यासाठीं प्रत्येक दिव्यापाशीं एक ट्रान्झिस्टर बसविलेला असतो. साध्यांतल्या साध्या रचनेंत असे दोन ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर असतो. पहिला ट्रान्झिस्टर हुकूम आंत घेतो, कपॅसिटर तो पुढचा हुकूम येईपर्यंत सांभाळून ठेवतो, आणि दुसरा त्या हुकुमाप्रमाणें दिव्याला वीज सोडतो. हा दुसरा ट्रान्झिस्टर म्हणजे नळाची चावी समजा. जुन्या चावीला थोडी ढील असते; कांहीं अंतर फिरविल्याखेरीज थेंबहि येत नाहीं. ट्रान्झिस्टरलाहि अशी ढील असते. ठराविक दाबाचा उंबरठा ओलांडल्यावरच प्रवाह सुरू होतो, आणि पुढें तो उंबरठ्यावरील दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. सर्व चाव्यांची ढील सारखी असती तर तक्रार नव्हती. ती सारखी नसते.

एक लहानसा हिशेब करून पाहूं. एका ट्रान्झिस्टरचा उंबरठा २ व्होल्ट आणि शेजाऱ्याचा २.१ व्होल्ट आहे. दोघांना ३ व्होल्टांचा हुकूम दिला. पहिल्याजवळ उंबरठ्यावर १ व्होल्ट उरला, दुसऱ्याजवळ ०.९, वर्ग केला असतां १ आणि ०.८१. म्हणजे दुसरा दिवा शेंकडा १९ नें मंद. आतां हुकूम मंद उजेडाचा, २.३ व्होल्टांचा, दिला. पहिल्याजवळ ०.३ उरले, दुसऱ्याजवळ ०.२; वर्गांचें प्रमाण नवास चार. दुसरा दिवा पहिल्याच्या निम्म्याहूनहि कमी जळेल! उदार हुकुमांत जो फरक खपून जातो, तो काटकसरीच्या हुकुमांत डोळ्यांत भरतो. चित्रपटांतील रात्रीचे देखावे या पडद्यांची खरी परीक्षा पाहतात, तें याचमुळें.

आणि मनुष्याचा डोळा हा परीक्षक कठोर आहे. लाइपझिग येथील प्राध्यापक एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनीं हातांत वजनें घेऊन केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १८३४ मध्यें प्रसिद्ध केले. त्यांवरून असें दिसून आलें कीं, आपणांस फरक जाणवतो तो प्रमाणाचा. शेर दोन शेरांत जेवढी भर लक्षांत येईल, तेवढीच मणभर ओझ्यांत कळणार नाहीं. उजेडालाहि बऱ्याच अंशीं हेंच लागू आहे. शेजारी शेजारी असलेल्या दोन पृष्ठभागांच्या उजेडांत शेंकडा एकदोन इतका फरक असला तरी चांगल्या प्रकाशांत तो डोळ्याला कळतो. म्हणून सपाट करड्या रंगावर डाग, ढग, पट्टे दिसूं लागतात. अशा विषमतेला जपानी भाषेंत 'मुरा' म्हणतात, आणि पडदे बनविणाऱ्यांत तोच शब्द जगभर रूढ झाला आहे.

हे ट्रान्झिस्टर असे एकमेकांपासून वेगळे कां निपजतात? ते कांचेवर पसरलेल्या सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यांत घडविलेले असतात. कांचेला फार उष्णता सोसत नाहीं; म्हणून लेसरच्या क्षणिक झोतानें नुसता पापुद्रा वितळवितात. तो थिजतांना त्याचे बारीक स्फटिककण बनतात, आणि कणांच्या सीमा कोठें पडाव्या हें कोणाच्या हातीं नसतें. एका ट्रान्झिस्टरच्या वाट्याला एक सीमा येते, दुसऱ्याच्या वाट्याला तीन. बरें, लेसर न वापरतां सिलिकॉन अस्फटिकी राहूं दिलें तर तें सगळीकडे सारखें असतें; पण कामाचा ताण पडत गेला कीं त्याचा उंबरठा हळूहळू सरकूं लागतो, आणि ज्याला अधिक काम त्याचा अधिक सरकतो. पहिल्या जातींत जन्माची विषमता, दुसरींत श्रमाची! या दोहोंतील भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

जन्माच्या विषमतेवर एक सुंदर उपाय अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील सार्नोफ संशोधनसंस्थेंत रॉबिन डॉसन व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ मध्यें मांडला. दोन ट्रान्झिस्टरांच्या जागीं चार व एका कपॅसिटरऐवजीं दोन, अशी त्यांच्या ठिपक्याची रचना. या उपायाच्या पुढें अनेक आवृत्त्या निघाल्या, व मोबाईलच्या पडद्यांत सात ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर अशी रचना सर्रास वापरांत आली. तपशील निरनिराळे असले तरी तत्त्व एकच आहे, आणि तें तराजू धरणाऱ्या वाण्याला ताबडतोब पटलें असतें. प्रथम मागील हुकूम पुसून टाकावयाचा, म्हणजे पारडें रिकामें करावयाचें. नंतर दिव्याची वाट बंद करून वीज देणाऱ्या ट्रान्झिस्टरचीं दोन टोंकें क्षणभर एकत्र जोडावयाचीं. अशा जोडणींत त्यांतून जाणारा प्रवाहच त्याला हळूहळू मिटवीत नेतो; आणि उंबरठ्याशीं आला कीं तो आपणहून थांबतो. कपॅसिटरमध्यें त्या वेळीं जो दाब उरतो, त्यांत त्या एका ट्रान्झिस्टरच्या उंबरठ्याचें माप उतरलेलें असतें. हा पासंग! मग चित्राचा हुकूम या पासंगासह लागू होतो, आणि शेवटीं दिव्याची वाट उघडते. ज्याचा उंबरठा उंच त्याला तेवढा अधिक दाब आधींच मिळालेला असतो; त्यामुळें उंबरठ्यावर उरणारा दाब सर्वांचा सारखा.

या योजनेंतील दोन गोष्टी आम्हांस फार मार्मिक वाटल्या. एक अशी कीं, उंबरठा किती आहे हें बाहेरून कोणी मोजीत नाहीं. ज्याची उणीव त्याच्याकडूनच ती वदवून घेतली जाते. दुसरी अशी कीं, हें सर्व दिवा विझलेला असतांना चालतें. पासंग रिकाम्या पारड्यानेंच काढावयाचा असतो. माल घातल्यावर टाकलेल्या खड्याला गिऱ्हाईक दुसरें नांव देतें.

यासाठीं वेळ किती मिळतो म्हणाल, तर २४०० ओळींच्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रें उमटवावयाचीं असल्यास एका ओळीच्या वाट्याला सुमारें ७ मायक्रोसेकंद येतात. दांडी पुरती स्थिर होण्यापूर्वींच वजन आटोपावें लागतें, म्हणून थोडीशी चूक राहतेच. दुसरा मार्ग असा कीं, दाबाचा हुकूम न धाडतां मोजलेला प्रवाहच ठिपक्यापर्यंत पोंचवावा. सोनी कंपनीनें २००१ मध्यें या पद्धतीचा १३ इंची पडदा करून दाखविला. ही पद्धत उंबरठा पुसतच नाहीं. जेवढें पाणी हवें तेवढेंच मोजून सोडते. पण मंद उजेडाचा प्रवाह इतका क्षीण असतो कीं, वाटेंतील लांब तार भरण्यांतच त्याचा वेळ निघून जातो. कोरड्या पाटांत ओंजळभर पाणी सोडलें तर तें शेवटच्या वाफ्यापर्यंत केव्हां पोंचावें?

शिवाय दिलेला हुकूम पुढच्या हुकुमापर्यंत टिकावयास हवा. कपॅसिटरांतील दाब ट्रान्झिस्टरच्या वाटेनें झिरपूं लागला, तर दिवा चित्रागणिक किंचित् मंदावतो व डोळ्यास लुकलुक जाणवते. या झिरपण्यावर उपाय सांपडला तो हिदेओ होसोनो यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत २००४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या, इंडियम, गॅलियम व जस्त यांच्या ऑक्साइडाच्या ट्रान्झिस्टरमुळें. त्यांतून वीज जवळ जवळ झिरपतच नाहीं. मनगटी घड्याळांचे जे पडदे सेकंदाला एकच चित्र बदलून दिवसभर वेळ दाखवीत राहतात, त्यांत हीच युक्ति आहे.

येथपर्यंत सर्व विचार ट्रान्झिस्टरचा झाला. पण दिवा स्वतःहि झिजतो. ज्या सेंद्रिय पदार्थांतून प्रकाश निघतो, ते जळतां जळतां थोडे थोडे बिघडत जातात. निळा दिवा सर्वांत लवकर थकतो, कारण निळ्या प्रकाशाला शक्ति अधिक लागते आणि ती पेलतांना पदार्थाचे रासायनिक बंध तुटण्याचें भय अधिक. म्हणून कित्येक मोबाईलच्या पडद्यांत निळे दिवे मुद्दाम मोठे ठेवलेले असतात; तोच उजेड मोठ्या जागेंतून निघाला म्हणजे एकेका कणावर भार कमी. परंतु झीज लांबते एवढेंच. जो ठिपका अधिक जळला तो अधिक मंद होतो, आणि ट्रान्झिस्टरनें त्याला कितीहि मोजून वीज दिली तरी पूर्वींएवढा उजेड तो देत नाहीं.

हा प्रश्न आमच्या घरीं केवळ तात्त्विक राहिला नाहीं. आमच्या मातोश्रींनीं ऐंशी ओलांडली आहे. वडील गेल्यापासून बाहेरच्या खोलींतील टेलिव्हिजन सकाळीं सातला लागतो तो रात्रीं दहाला बंद होतो, आणि त्यावर बहुधा एकच वृत्तवाहिनी असते. बातम्यांत त्यांना फारसा रस आहे असें नव्हे. घरांत माणसाचा आवाज असावा, एवढाच हेतु. चार वर्षांत त्या वाहिनीची चौकोनी खूण पडद्याच्या कोपऱ्यांत उतरली. क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर ती काळसर दिसूं लागली, तेव्हां नातवंडांनीं ओरड केली. संच तपासण्यास माणूस आला. पडदा बदलण्याचा खर्च त्यानें सांगितला, तो जवळ जवळ नव्या संचाएवढा. अशी झीज हमींत बसत नाहीं, हेंहि त्यानें मोठ्या अदबीनें सांगितलें. जातां जातां त्यानें एक प्रश्न मात्र नेमका विचारला: "रात्रीं भिंतीवरचें बटण बंद करतां का?"

निजण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक बटण भिंतीवर बंद करणें हा मातोश्रींचा पन्नास वर्षांचा नेम आहे. पण अशा मोठ्या संचांत तपासणीची सोय ठिपक्याच्या बाहेर, पडद्याच्या कडेला असते. कांहीं तासांच्या वापरानंतर संच रिमोटनें बंद केला, म्हणजे तो अंधारांत एकेका दिव्याची चावी व पुष्कळ अंशीं दिव्याची झीजहि मोजून टिपून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशीं तेवढी दुरुस्ती करून चित्र दाखवितो. भिंतीवरील वीज तोडली कीं ही मोजणी होत नाहीं. हें मातोश्रींना समजावून देण्याचें काम आमच्याकडे आलें.

"अरे, बंद केल्यावर तो मेला काम कसलें करतो?" त्यांनीं विचारलें.

"दिवसभरांत कोणता दिवा किती जळला, तें मोजून ठेवतो, आई."

"म्हणजे दुकान वाढवल्यावर वही लिहितो, म्हण कीं! मग लिहूं दे बापड्याला."

त्या रात्रीपासून तें एक बटण चालू राहूं लागलें. कांहीं आठवड्यांनीं खूण पुष्कळ फिकी झाली. अजिबात गेली नाहीं. तेव्हां थोरल्या नातवानें सुचविलें कीं, आजीनें दिवसांतून चारच तास टेलिव्हिजन पाहावा, किंवा संच आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करावी. सूचना शास्त्राला धरून होती. आम्हीं ती मानली नाहीं. दिवा न जळण्यानें टिकतो हें खरें. पण ज्या घरांत दिवसाचे बारा तास एकच माणूस असतें, तेथें तो जळावा म्हणूनच विकत घेतलेला असतो. कोपऱ्यांतील ती खूण म्हणजे चार वर्षांच्या सोबतीची झीज आहे. मुलांच्या सामन्याला तिचा थोडा उपद्रव होतो, तो त्यांनीं सोसावा असें ठरलें, आणि आतां तेहि कुरकुर करीत नाहींत.

झिजलेल्या दिव्याच्या बाबतींत कारागिरांपुढें दोनच मार्ग असतात. त्याला अधिक वीज देऊन इतरांच्या बरोबरीला आणावें, तर तो आणखी लवकर झिजतो. नाहीं तर बाकीच्यांना किंचित् मंद करून त्याच्याशीं जुळवून घ्यावें. पडद्याची एकंदर झळाळी थोडी उतरते, पण चित्र एकसारखें राहतें व थकलेल्यावर जादा भार पडत नाहीं. संसारांतहि आपणांस हेच दोन मार्ग मोकळे असतात. घरांत जो सर्वांत अधिक राबला तोच आधीं थकतो, आणि त्यानें पूर्वींसारखाच उत्साह दाखवावा म्हणून त्याच्यामागें तगादा लावणारी मंडळी कोणत्याहि कुटुंबांत आढळतील. जन्मतः आलेली उणीव खड्यानें भरून निघते. तेवढ्यापुरता वाणी व शास्त्रज्ञ या दोघांचाहि उपाय पुरा पडतो. झीज खड्यानें भरून निघत नाहीं. ती रोजच्या रोज वहींत लिहून ठेवावी लागते, आणि बाकीच्यांनीं थोडी थोडी वाटून घ्यावी लागते.